टांग टाकायची जुनी सवय

मित्रहो, मुलाने घेऊन दिलेल्या इलेक्ट्रिक सायकलवरून आज पहिल्यांदाच गौलीगुड्याला निघालो होतो. तिथे माझा शाळासोबती दिगंबर राहतो. शाळेतल्या कविता आम्ही आळीपाळीने, एकेक ओळ म्हणतो.

सवयीने डावा पाय पायडलवर ठेवून टांग टाकायला गेलो. पायडल दाबताच मोटर सुरू झाली. सायकल पुढे धावली, मी हिमायतनगरच्या रस्त्यावर आडवा.

"क्या चच्चा, घोडा समझके चढे क्या?" म्हणत ऑटोवाल्याने मला उठवलं. ती जड सायकल दोघांनी मिळून ऑटोत कोंबली.

घरी मुलाने आधी सायकलचा ओरखडा पाहिला, मग माझा गुडघा.

"बाबा, या वयात तुम्हाला जायचं तरी कुठं असतं?"

बॅटरी त्याने कपाटात कुलुपात ठेवली.

दिगंबरला फोनवर "आज कंटाळा आलाय, येत नाही" असं कारण सांगितलं.

तुमची मुलं असं विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता?