अपस्मार आणि बुक्कीनं फोडलेला कांदा

आजही कुणी बुक्कीनं कांदा फोडला की त्या उग्र वासासरशी मी तिकोणा गडाच्या पायथ्याच्या भातखाचरात जाऊन पडते. पवनेवर धरण व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भात लावताना मला फेफरं आलं. शुद्धीवर आले तर नाकाशी कांदा, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, रडत होत्या, "हिला बाहेरचं हाय. म्हायेरी धाडा!"

तेव्हा त्या रडण्याचा राग आला होता. आता कळतं, त्या घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गाडी जुंपून आम्हा दोघींना लोणावळ्याच्या वैद्यांकडे नेलं. वैद्य म्हणाले, "भूतबित काही नाही. हा अपस्मार. अप म्हणजे दूर, स्मार म्हणजे स्मरण. घटकाभर आठवण दूर जाते."

"आन् आमाला कायमचीच इसरली तर?" आत्याबाईंनी विचारलं.

त्यांच्यापुढे कधी तोंड न उघडणारी मी बोलले, "न्हाई इसरनार. डोळं उघडलं तवा माझं डोकं तुमच्याच मांडीवर व्हतं."

गाडी गावाकडे परतली. वेशीवर बायका वाटच बघत होत्या. "काय गं, बाहेरचंच निघालं ना?"

आत्याबाई गाडीतूनच गरजल्या, "बाहेरचं न्हाई! हिची आठवण जरा बाहेर जाती, आन् आपल्या घरी परत येती!"

पुढं फेफरं कैक वर्षं येत राहिलं. मी माहेरी गेले, ती फक्त बाळंतपणाला.