बाहेरच्यांसाठी राखलेल्या प्रती
केणी सर आमच्या ठाण्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवतात. राहायला कोपरीत, एकटे. बोलायला लागले की आधी "तत्त्वतः...", मग छताकडे बघत इतका वेळ गप्प, की तोवर मागच्या बाकावर आम्ही त्यांच्याच आवाजात वाक्य पुरं करून मोकळे.

खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या नावाच्या माशांवर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. अठ्ठ्याऐंशी साली त्यावरचा पेपर लंडनच्या एका जर्नलात आला. जर्नल इतकं महाग की आमच्याच काय, कल्याण-डोंबिवलीच्याही लायब्ररीत येत नाही. जर्नलवाल्यांनी सरांना पेपरच्या पंचवीस सुट्या प्रती पाठवल्या. सरांनी त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवल्या, वर कुलूप. परदेशातले संशोधक कार्ड टाकून अशी प्रत मागतात म्हणे. त्यांच्यासाठी.

बॉटनीच्या बाई म्हणाल्या, "अहो, इथल्या मासिकात दिला असतात तर आम्हीही वाचला असता."

"तत्त्वतः..." छत. "इथे कोण वाचतं, बाई?"

त्याच आठवड्यात कल्याणहून सरोज नावाची मुलगी आली. तिला निवट्यांवरच पीएचडी करायची होती. "सर, एक कॉपी मिळेल? नाहीतर तासाभरासाठी द्या, खाली झेरॉक्स काढून लगेच आणते."

"लायब्ररीत बघा ना."

"कुठल्या लायब्ररीत, सर?"

सर छताकडे बघत राहिले. ती गेली.

मग सर पोस्टमनची वाट बघू लागले. तो लांबूनच ओरडायचा, "फॉरेनचं काय नाय, सर! लाइटबिल हाय, देऊ?" वर्ष गेलं. एकही कार्ड आलं नाही.

शेवटी एक प्रत पिशवीत घालून सर स्वतःच सरोजकडे गेले. हे तिच्या भावाने सांगितलं, तो आमच्याच वर्गात आहे. ती म्हणाली, "अय्या, सर! निवट्या सोडल्या मी. आता डासांवर करतेय. त्यांच्यावरचं वाचायला तरी मिळतं." मग सरांचा चेहरा बघून म्हणाली, "पण ठेवून जा ना. एवढ्या लांबून आलात. चहा घेता?"

आता उरलेल्या प्रती लायब्ररीच्या दाराशी टेबलावर असतात, कोणीही न्याव्यात म्हणून. सर दुपारी समोर वर्तमानपत्र उघडून बसतात, पण पान उलटत नाहीत. परवा एकाने वरची प्रत उचलली. सर ताडकन उभे राहिले. त्याने घाबरून ती परत ठेवली.

"सॉरी सर, मला वाटलं फुकट आहे."

"अरे, फुकटच आहे," सर म्हणाले. तोवर तो जिना उतरून गेलेला.