पिकलेलं रीळ

वहिनीच्या भुवईवर सात टाके पडले आणि समोरचा एक दात गेला. तेही सकाळी साडेदहाला, नऊ माणसांच्या रांगेसमोर. त्या नऊ जणांतल्या एकानेही मध्ये पडायचं नाव काढलं नाही. का, ते सांगतो, पण आधी दुकान समजून घ्या.

वहिनी सरकारी लॉटरीची तिकिटं विकते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक स्टूल, एक मशीन, समोर लोखंडी गज आणि गजांखाली पैसे द्यायला-घ्यायला हात जाईल एवढी फट. दुकान नवऱ्याचं. त्याची गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची. तो गेला, गिऱ्हाइकं राहिली आणि नावही राहिलं.

सरकारचे खेळ तीन, आणि प्रत्येक खेळाचा राग वेगळा. आठवड्याच्या सोडतीवाला सात दिवस स्वप्नात असतो. आठव्या दिवशी फार तर तिकीट फाडून वहिनीच्या तोंडावर फेकतो. सहा आकडे लावणारा स्वतःला फार शहाणा समजतो, म्हणून एक आकडा हुकला की काउंटरला लाथ घालतो. पण खरा धोका घासायच्या तिकिटांचा. नखाने चंदेरी पट्टी खरवडली की तिथल्या तिथे निकाल. डोकं थंड व्हायला मध्ये वेळच मिळत नाही. या तिकिटांपायी वहिनीने फुटलेली नाकं पाहिली होती, आणि एकदा सख्ख्या भावाने भावाचं बोट चावून तोडलेलंही पाहिलं होतं.

ही तिकिटं शंभराच्या रिळात येतात, एकामागे एक जोडलेली. वरचं तिकीट फाडलं की खालचं पुढे येतं. सत्तर-ऐंशी तिकिटं गेली आणि मोठं बक्षीस निघालं नाही की लोक म्हणतात, रीळ पिकलं. मग सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. वहिनीला पक्कं माहीत होतं की असं काही नसतं, अख्खं रीळ कोरडं निघू शकतं. पण हे सांगितलं तर विकणार काय?

नवऱ्याने एक पद्धत पाडली होती. रीळ पिकत आलं आणि एखाद्याचे पैसे संपले, तर तो म्हणायचा, "कप ठेवा, आलोच." मग नवरा चहाचा कप त्या रिळावर उपडा घालायचा. तो माणूस घरून पैसे घेऊन येईपर्यंत त्या रिळाला कोणी हात लावायचा नाही. रांगही हा कप मानायची. नवऱ्यामागे वहिनीनेही तेच चालू ठेवलं. सौजन्य म्हणून, दुसरं काय!

सगळ्यात जास्त कप ठेवायला लावायचा तो फरशीवाला. रुंद पंजांचा, गुडघ्यांना घट्टे पडलेला, बोलायला मऊ. घर मागच्याच गल्लीत. दहा मिनिटांत जाऊन नोटा घेऊन यायचा. एकदा त्याच्या बोटांचे सांधे सोललेले दिसले. "फरशी लागली," म्हणाला. वहिनीने मान डोलावली. पुढच्या खेपेला त्याने फटीतून नोटा आत सरकवल्या, तेव्हा त्याच्या अंगठीत चार लांब केस अडकलेले होते. मुळासकट उपटलेले.

त्या दिवशी वहिनी जेवली नाही. मार काही तिला नवीन नव्हता, तो तर तिच्या पाचवीलाच पुजलेला. तिचा बाप असाच पैशांसाठी घरी यायचा. सात वर्षांची असताना, आईचं ओरडणं ऐकवेना म्हणून तिने स्वतःच सांगून टाकलं होतं की पैसे मिठाच्या बरणीत आहेत. तिला वाटलं, आता थांबेल. पैसे मिळाले, आणि लपवलेस का म्हणून बापाने तीच बरणी आईच्या तोंडावर फोडली. चाळीस वर्षं झाली तरी वहिनी मिठाची बरणी काचेची घेत नाही. आणि आता तिचाच उपडा कप एका माणसाला घरी धाडत होता. जा, बायकोला बडव आणि ये, तोवर तुझं रीळ सांभाळते! तिला स्वतःची किळस आली. कधी न पाहिलेल्या त्या बाईला आपल्यामुळे यापुढे एकही फटका पडता कामा नये, हे तिने त्या दिवशी ठरवलं.

टाके पडले त्या सकाळी फरशीवाल्याने एकाच रिळातली एकोणतीस तिकिटं घासली. सगळी कोरडी. अकरा उरली. त्याने खिसे उलटे केले.

"वहिनी, कप ठेवा. आलोच."

"नाही ठेवणार."

तो हसला. "थट्टा करता काय?"

"कप बंद झाला. पैसे असतील तर घे, नसतील तर बाजूला हो. मागे माणसं उभी आहेत."

"पिकलंय ते! माझ्या पैशांवर पिकलंय!"

"पैसे तुझे नाहीत, तुझ्या बायकोचे आहेत. तिला मारून आणतोस तू."

पुढचं वाक्य तिला बोलता आलं नाही. फटीतून हात आला, त्याने तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड गजांवर आपटलं. एकदा, दोनदा. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. तिसऱ्यांदा दात गेला.

आणि रांग? रांगेने पाहिलं, की रिळावर कप नाही.

"वहिनी, मला दोन!" बेकरीवाल्याने फरशीवाल्याच्या काखेखालून नोट पुढे केली.

"मला एक, सुटे आहेत!" पेन्शनर ओरडला.

केस त्याच्या मुठीत, गाल गजाला चिकटलेला, आणि वहिनी डाव्या हाताने तिकिटं फाडत होती. दोन, एक, दोन. तिकिटांवर रक्त ठिबकत होतं, लोक ते शर्टाला पुसून घासत होते. ती मोजत होती. आणखी सहा संपली की याला घरी जायचं कारण उरणार नाही. मारतोयस ना? मार. इथेच मार, तेवढाच वेळ तू तिथे नाहीस.

शेवटची तीन शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने घेतली. दुसऱ्याच तिकिटावर तो किंचाळला, "पन्नास हजार!"

फरशीवाल्याने वहिनीचे केस सोडले आणि ड्रायव्हरच्या नरडीला हात घातला. तिकीट हिसकलं. आता मात्र रांग जागी झाली. बाईला मारत होता तोवर ज्यांचे पाय जमिनीला चिकटले होते, ते सगळे त्याच्यावर तुटून पडले. बेकरीवाल्याने पावाचा लोखंडी ट्रे त्याच्या डोक्यात घातला. पेन्शनरने काठीने हात साफ करून घेतला. फरशीवाला उताणा पडला तरी उजवी मूठ उघडेना, म्हणून कोणीतरी मनगटावर टाच दिली. कट्ट असा आवाज झाला. त्याने तिकीट डाव्या मुठीत घेतलं. मग डाव्यावर टाच पडली.

वहिनी गजांमागून बघत होती. थांबवायला हवं होतं, तिने थांबवलं नाही, की "अहो, पुरे" म्हणाली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. पोटभर आनंद. दोन्ही हात! तिने तोंडातलं रक्त फडक्यात थुंकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती बाई सुटली.

पोलीस आले, गर्दी पांगल्यावर. वहिनीने टाके घालून घेतले, तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. गालाची सूज हिरवी-पिवळी झाली होती. कोणी विचारलं तर ती जवळजवळ अभिमानाने सांगायची.

दहाव्या दिवशी दुपारी एक बाई गजांसमोर आली. कानामागे डोक्याचा रुपयाएवढा भाग उघडा होता, तिथे केस नव्हते. वहिनीने लगेच ओळखलं. ती स्टुलावरून उठलीच.

"तू फरशीवाल्याची ना? ये, आत ये. बस."

"बसायला वेळ नाही." बाईने नोट सरकवली. "घासायचं एक द्या. त्यांनी मागवलंय."

"त्याने?" वहिनीचा आवाज चढला. "अजून? अगं, दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत त्याचे! आता तरी मारत नाही ना?"

"हात प्लास्टरमध्ये आहेत," बाई म्हणाली. "लाथा मारतात."

बाई खाली बघून बोलत राहिली, तक्रार केल्यासारखं नाही, हिशोब समजावल्यासारखं. "आधी महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं. पैसे दिले की जायचे इकडेच. आता दिवसभर घरीच असतात. ते पन्नास हजार आमचे होते, म्हणतात."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आटपा की लवकर."

"नाही देणार मी," वहिनी म्हणाली.

"रिकामी गेले तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. वहिनीने तिकीट फाडलं. तिने फटीतून बाहेर धरलं, पण सोडलं नाही.

"इथेच घास. निघालं तर ने. नाही निघालं तर दुसरं देते, माझ्याकडून."

"नको. ते समोर घासलेलं लागतं त्यांना. नाहीतर म्हणतात, लागलेलं लपवलंस."

"मग जरा लांब बसून घास."

"लांबून त्यांना आकडे दिसत नाहीत," बाई म्हणाली. "पायाशीच बसावं लागतं."

तिने तिकीट ओढून घेतलं आणि गेली.