टाळ्यांसाठी राखलेली जागा

आपण बोललो की टाळ्या पडणारच, अशा खात्रीने जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. कुरखेड्याकडच्या त्यांच्या गावात नाटक बसवणारे हेच आणि त्यातला राजाही हेच. राजेपण मात्र तोंडाच्या रंगाबरोबर उतरत नसे. साखरपुड्याला "पोरगी आमाले पसंत आहे!" असं गरजले आणि हनुवटी वर करून थांबले. आम्हीही थांबलो. पानातला भात निवायला लागला तेव्हा त्यांच्या बायकोने दोन टाळ्या वाजवल्या आणि पंगत पुढे सरकली. डॉक्टरपुढेसुद्धा "इथी दुखते!" म्हणून ते तसेच थांबायचे. शिवाय रंगमंचावर लोकांना पाठ दाखवायची नाही, हा नेम घरीही. माझ्याकडून निघाले की अंगणभर उलटे चालत जायचे. एकदा असेच थेट गोठ्यात शिरले आणि म्हशीच्या शेजारून आम्हाला हसत नमस्कार केला.

अशा माणसाने सिनेमा काढला. लग्नांचं शूटिंग करणारा गडचांदूरचा भाचा कॅमेऱ्यावर, कलाकार सगळे गावचे, आणि मरणाऱ्या आईच्या कामाला मी. तेव्हा मी साठीतली, म्हणजे अक्कल यायच्या आधीची. आई तापाने मरायची होती. मी केस काळे करून, पावडर थापून, कोऱ्या साडीत खाटेवर आडवी झाले.

"इहीनबाई, तुमी मरून राह्यल्या का लग्नाले चालल्या?"

"मरते ना भाऊ! पण माझी डावी बाजू दिसली पाहिजे," मी ठणकावलं.

चोराने जंगलात पळायचं होतं. पाठ दाखवायची नाही, म्हणून तो उलटा पळाला. मागचा शिपाईही उलटाच, त्यामुळे कोण कोणाला धरतंय ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि प्रत्येक जोरदार वाक्यानंतर सगळे कलाकार गप्प उभे. भाचा काकुळतीला आला, "मामा, ह्या रिकाम्या जागा कापून टाकू ना!"

"मंग लोकं टाळ्या कुठी वाजवतीन?" इवाई गरजले, आणि थांबले.

पहिला खेळ चंद्रपुरात, एक हॉल घेऊन केला. पहिल्या थांब्याला लोकांना वाटलं मशीन बंद पडली. दुसऱ्याला खोकले, तिसऱ्याला मोबाईल, आणि मध्यंतरानंतर हॉलमध्ये आम्हीच आम्हाला पाहत होतो. बाहेर पडताना त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा आम्हाला पाठ दाखवली. "गावातबी लोकं उठले, तं नाटकबी बंद. मंग मले त्यातलं काई समजत नाई," एवढं म्हणाले, आणि वाक्य संपल्यावर थांबले नाहीत.

गावातला खेळ खळ्यावर. दिवेलागणीला पांढरी चादर बांधली, अख्खं गाव येऊन बसलं. इवाई काही समोर येईनात. उठणारे निदान दिसू नयेत म्हणून चादरीमागे स्टूल टाकून बसले. पहिलं वाक्य झालं. थांबा आला. मी डोळे मिटले, आणि टाळ्या कडाडल्या! त्या रिकाम्या जागेत अशा चपखल बसल्या, जणू माप घेऊन शिवल्या होत्या. टाळी कुठे द्यायची, हे त्या गावाला शिकवावं लागत नाही. उलट्या चोराला तर वन्स मोअर मिळाला.

"सिनेमात वन्स मोअर नसते!" भाचा ओरडला.

"काऊन नसते? मांगं घे नं!" पुढे बसलेल्या एका बाईने त्याला दटावलं.

त्याने सिनेमा मागे घेतला, चोर पुन्हा पळाला. शिपायालाही वन्स मोअर, गाण्याला दोनदा, एका बैलाला त्याने नुसती मान हलवली म्हणून. लेकरंसुद्धा जागची उठली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नाटकाची तालीम लागणार, हे तिथेच ठरल्यासारखं झालं.

सगळ्यात शेवटी मी मेले. माझा थांबा आला, तर टाळी नाही. कारण प्राण गेल्यावर, कॅमेरा अजून माझ्यावरच आहे ना हे बघायला, मी पडद्यावर एक डोळा उघडला होता. लोक पदरात तोंड खुपसून हसू दाबत होते. मी अंधारात लहान लहान होत गेले. एवढ्यात चादरीमागून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

इवायाचाच आवाज. गाव खदाखदा हसलं आणि मग सगळंच टाळ्या वाजवायला लागलं. भाच्याने मागे घेतलं, मी पुन्हा मेले. शेजारी बसलेल्या लेकीने माझा हात घट्ट धरला. खरं सांगते, दुसऱ्या खेपेला मी तितकी वाईट दिसले नाही. केस काळेभोर, गाल भरलेले, डावी बाजू अगदी स्वच्छ. आता मी तशी खाटेवर पडले, तर त्याला कोणी अभिनय म्हणायचं नाही.