एरर येण्याची वाट

त्या दिवशी मला खुर्चीवर बसवेना. उठायचं, कूलरपुढे उभं राहायचं, परत येऊन स्क्रीन बघायची, परत उठायचं. जळगावातल्या आमच्या ऑफिसात एप्रिलमध्ये सगळेच कूलरपुढे घोटाळतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मला माझाच प्रोग्रॅम काढून टाकायचा होता.

आमची संस्था केळी खरेदी करते. सावद्याला, रावेरला वजनकाट्यावर ट्रॅक्टर उभा राहिला की वजन नोंदवायचं, घडाच्या दांड्याचं वजन वजा करायचं, पावती द्यायची, हे सगळं मी लग्नाआधी लिहिलेल्या एका पॅकेजातून चालायचं. पॅकेज म्हणजे डेटाबेसच्या पोटातच ठेवलेलं छोट्या प्रोग्रॅमचं गाठोडं. त्याचे दोन भाग असतात: आत काय काय आहे हे सांगणारी पाटी, आणि खरं काम करणारा मजकूर. आता पुण्याहून नवं सॉफ्टवेअर आलं होतं. काही महिने दोन्ही सोबत चालली. प्रत्येक पावती आधी नव्यातून जायची, मग माझ्यातून पडताळून यायची, तेव्हाच छापली जायची. त्या सकाळी पुणेवाल्यांनी पडताळणी बंद केली आणि साहेब मला म्हणाले, "आता ते जुनं काढून टाका. तुमच्याइतकं ते कोणाला माहीत आहे?" हे म्हणे कौतुक! माझं डोकंच फिरलं.

पॅकेजाला कोण कोण हाक मारतं, म्हणजे दुसरे कुठले प्रोग्रॅम ते वापरतात, ते आधी तपासलं. डेटाबेसने सांगितलं, कोणी नाही. पण काट्यावरच्या एखाद्या कॉम्प्युटरमध्ये जुनी हाक राहून गेली असेल तर ती डेटाबेसला आधी दिसत नाही, चालवल्यावरच एरर येते. माझा सगळा जीव त्या एररमध्ये अडकला. सरळच सांगते, कुठेतरी काहीतरी अडावं असं मला वाटत होतं. एवढी वर्षं जे मी सांभाळलं, ते गेल्यावर निदान एका काट्यावर तरी आरडाओरडा व्हावा.

मजकुराची प्रत फाइलमध्ये काढून ठेवली आणि नुसता मजकूर ड्रॉप केला, म्हणजे डेटाबेसमधून काढून टाकला. पाटी राहू दिली. टप्प्याटप्प्याने काढलेलं बरं, असं साहेबांना सांगितलं. खरं म्हणजे कोणी हाक मारलीच तर मी मजकूर चटकन परत बसवणार होते आणि साहेबांच्या तोंडून "बरं झालं तुम्ही होतात" ऐकणार होते. कमांड दिली, ड्रॉप झाल्याचं उत्तर लगेच आलं. एवढंच.

मग वाट बघणं सुरू झालं. डबा उघडला, पण चव लागेना. फोनला रेंज आहे ना, ते सारखं पाहत होते. शेवटी राहवेना म्हणून मीच रावेरच्या काट्यावर फोन लावला. "सगळं एकदम नीट आहे, मॅडम," तिथला कारकून म्हणाला. मला त्याचा रागच आला.

दुपार कलल्यावर सावद्याहून नानांचा फोन आला. नाना तिथल्या काट्यावर पहिल्यापासून आहेत. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी त्यांना माझा प्रोग्रॅम शिकवला होता. मी झडप घालून फोन उचलला.

"ताई, आज काय केलं वो तुमी?"

"का नाना? अडलं का काही?" माझ्या आवाजातला आनंद मलाच ऐकू आला.

"अडीन कशाले! पावती त बटन दाबल्याबरोबर निंघून रायली. ट्रॅक्टरची लाइन कवाच संपली, मी इथं रिकामा बसेल आहे. आता असंच राहू द्या बरं!"

"राहू देते," मी म्हटलं.

फोन ठेवून मी पाटीही ड्रॉप केली. एवढ्या वर्षांत नानांनी मला फोन केला तो दर वेळी तक्रारीसाठीच. शाबासकीचा हा पहिला होता.