वापरणाऱ्याची चूक

प्लगमध्ये बसवायचा, वीज मोजणारा छोटा मीटर काकूंच्या स्वयंपाकघरात आला, तेव्हा काका नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. स्वयंपाकाची विजेची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते पाणी उकळायचे. शेगडीवर, इंडक्शनवर, इलेक्ट्रिक कुकरात, मायक्रोवेव्हमध्ये. दर वेळी तेवढंच पाणी, तेवढंच गार, वर झाकण, आणि शेवटी कुणी किती वीज खाल्ली त्याचा आकडा. उकळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, की पुढचं उपकरण. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे वॅटसाहेब म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण म्हटलं की ते वॅट समजावून सांगायला बसत.

काकूंचं राज्य काय ते ओट्यापुरतं. विजेच्या तारेची जुनी शेगडी, बुडाला पोचा पडलेलं पातेलं, आणि सारखं झाकण काढून चव बघायची सवय. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे किलकिले करायचे, मग चिमूटभर काहीतरी टाकायचं. काय आणि किती, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. लेक म्हणायची, आईच्या हाताला चव आहे. काकू ते हसण्यावारी न्यायच्या, पण मनातून त्यांना ते खरं वाटायचं. दुसऱ्या कशाबद्दल त्यांचं कुणी कौतुक केलंच नव्हतं.

घरी रिकामं बसवेना, म्हणून काकांनी घरातल्याच उपकरणांची तुलना काढली. आधी पाणी उकळून झालं. काकू म्हणाल्या, "अहो, पाणी कोण जेवतं? भाजीवर मोजा की." ही अवदसा त्यांनाच आठवली. काका खुलले. एकच भाजी त्यांनी प्रत्येक उपकरणावर स्वतः शिजवली, आणि शेवटी जुन्या शेगडीपुढे काकूंना उभं केलं. काकूंनी अगदी जीव ओतून भाजी केली. त्यांना वाटलं, आता चव बघितली जाणार. काका मीटरसमोर स्टूल टाकून बसले होते. झाकण निघालं की नुसतं "हं" म्हणायचे.

संध्याकाळी फ्रिजवर तक्ता लागला. कुकर पहिला, मग इंडक्शन, मग मायक्रोवेव्ह, मग शेगडी. सगळ्यात खाली एक ओळ जास्तीची होती: शेगडी, हिच्या हातची. शेगडी तीच, भाजी तीच, तरी वीज कितीतरी जास्त. पुढच्या रकान्यात कारण दिलं होतं: वापरणाऱ्याची चूक.

"म्हणजे मी?" काकूंनी विचारलं.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडे तसंच लिहायची पद्धत आहे. यंत्र ठीक असलं, की उरलेला फरक वापरणाऱ्याच्या नावावर."

"आणि भाजी कशी झाली होती?"

"कुठली?" काका तक्त्याच्या कडेला पट्टीने रेघ मारत होते.

माणूस सज्जन. मारझोड नाही, व्यसन नाही. अशा माणसाची तक्रार करायची तरी कुणाकडे? काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळं चिरून कुकरात, झाकण बंद, बटण दाबलं की काकू बाहेरच्या खोलीत. शेगडी काकांनी भंगारात देऊन टाकली. आकडा खाली आला, आणि पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा काका तो येईल त्याला दाखवू लागले.

एका रविवारी लेक जेवायला आली. पहिल्याच घासाला थांबली.

"आई, बरं नाही का तुला?"

"तिला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. "उलट सुधारलीय ती. तक्ता बघ."

लेकीने मान वळवून तक्ता वाचला. "बरंच झालं की मग, आई. तुझा त्रास वाचला," म्हणाली, आणि तिने मीठ मागितलं.

काकूंनी मीठ पुढे केलं. तिच्यामागून काकांनीही घेतलं, ताटाकडे न बघता, हल्ली रोज घेतात तसं. काकू बघत होत्या. त्यांच्या स्वतःच्या ताटातल्या भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि आता जाणून घ्यावंसंही वाटत नव्हतं. वरून मीठ घ्यायला वीज लागत नाही, त्यामुळे तक्त्यात ते कुठेच आलं नाही.