वारा हलवी पाळणा

नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवापुढेही नाही — हे मी कुठेच बोललेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. मन हलकं व्हावं म्हणूनही नाही. राग तर अजून आहे.

ऐंशी सालाच्या सुमारास बाजारहत्नूरजवळच्या या गावी माझं लग्न झालं. विहिणींच्या पंगतीत नवऱ्याकडच्या बायका नवरीच्या आईला गाण्यातून चिडवतात. राग धरायचा नाही, अशी रीत. माझी आई पायानं अधू. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, कमलबाईंनी, ओळ जोडली — "विहीणबाई आली, वाट तिरपी झाली!" अख्खा मांडव हसला. आईही हसली, आणि पहिल्याच घासाला हात धुऊन उठली.

"गान्याचा काय राग धरतं, माय?" आई मलाच समजावत होती. मग मी ठरवलं — गाण्यानंच फेडायचं. रीत मोडायला नको ना?

कमलबाईंना मूल नव्हतं. माहेरचा सागवानी पाळणा आढ्याला टांगलेला, तो रोज पुसायच्या. भादव्यात भुलाबाई बसली, मुली घरोघर गाणी म्हणत फिरू लागल्या. पोरींवर कोण रागावणार? मी त्यांना लाडू देऊन एक नवं कडवं शिकवलं —

कोनाच्या घरी गं पाळणा हाले?
थोरलीच्या घरी गं.
कोन हलवते?
वारा गं वारा.

पोरी कमलबाईंच्याच अंगणात गायल्या. पोरींना काही कळलं नाही, कमलबाईंना कळलं. सगळ्यांना खिरापत वाटून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पाळणा आढ्याला नव्हता. मला वाईट वाटलं? छे — मी भाकरी जास्त खाल्ली.

मुली लग्न होऊन गेल्या, गाणंही त्यांच्याबरोबर गेलं. पंधराएक वर्षांनी धाकट्या जावेच्या मुलाचं बारसं होतं. कमलबाईंनी स्वतः माळ्यावरचा पाळणा काढून, तेलपाणी करून दिला. आणि धाकटी म्हणाली, "आमच्या माहेरी, भैंशाकडं, बारशाला हेच गानं म्हन्तात जी. वारा म्हन्जे देव. देवच झोका देते लेकराला."

आणि तिनं माझंच कडवं सुरू केलं! बायकांनी सूर धरला. किती गोड झालं होतं ते — आणि मला काय वाटलं असेल? माझी वस्तू चोरीला गेल्यासारखं वाटलं. माझ्या आईचा उपाशी घास होता त्यात.

पाळण्याची दोरी कमलबाईंच्या हातात होती. त्याही गात होत्या, पण 'थोरलीच्या घरी' आलं आणि त्यांचा आवाज थांबला. कडवं कुणी रचलं, हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. तेव्हा तरी मी गप्प बसायचं ना? गाणं आता देवाचं झालं होतं, एवढं सोडून द्यायचं — नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघत, आवाज चढवून, पुढची ओळ एकटीनं म्हटली.

"कोन हलवते? वारा गं वारा."

त्यांना कळलं. हातातली दोरी सुटली. मी ती उचलली आणि झोका दिला.